अंडरग्राउंड संगीत आणि चित्रांचं अनियतकालिक: पहिला अंक हातात येईपर्यंत

धोबी तलावच्या रंगभवनाबद्दल मुंबईतल्या जुन्या रॉक श्रोत्यांना विचारा. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा संगीत महोत्सव बरीच वर्षं तिथे भरायचा, हे ते लगेच सांगतील. पण एखाद्या वर्षी भर उन्हात, गर्दी जमायच्या आधी, सगळ्यांत पहिल्यांदा स्टेजवर चढलेला कॉलेजच्या पोरांचा बँड कोणता? त्या दिवसाचं पोस्टर कोणी काढलं होतं? आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ते खुलं नाट्यगृह मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झालं, आणि अशी कितीतरी उत्तरं माणसांच्या डोक्यातच राहून गेली. आजच्या छोट्या जागांचंही तेच होतं. साठ माणसं एका खोलीत जमतात, तीन बँड वाजतात, दाराशी कोणीतरी हाताने छापलेली पोस्टरं विकतं. वर्षभराने ती जागा बंद पडलेली असते आणि कार्यक्रमाची लिंक उघडत नाही.

छापील अंक काढायचा तो यासाठी. खाली जे लिहिलं आहे ते आम्ही काही मित्रांनी अंक काढताना शिकलेलं, आणि छापखान्यातल्या जुन्या कामगारांनी आमच्याकडून करून घेतलेलं आहे. पैसा थोडा लागतो. वेळ मात्र भरपूर लागतो, त्याची तयारी ठेवा.

आपल्याकडे या कामाची वाट आधीच पडलेली आहे. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं. पुढे अशोक शहाण्यांचं 'असो', राजा ढाले यांचं 'येरू' अशी लघुअनियतकालिकं आली. मोठी मासिकं ज्यांना जागा देत नव्हती, त्यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, स्वतःची जागा तयार केली. कोलटकर स्वतः जाहिरात क्षेत्रात काम केलेले चित्रकार होते, त्यामुळे कविता आणि पानाची मांडणी ही दोन वेगळी कामं आहेत असं त्या मंडळींनी मानलं नाही. लंडनमध्ये बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीने जुलै १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' हा पंक संगीताचा अंक काढला, तो टाइपरायटर आणि जाड स्केचपेन वापरून. पहिल्या खेपेला ५०च्या आसपास प्रती. आणि १९९३ साली अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं मासिक सुरू केलं ते अलाहाबादहून. मुंबई नाही, दिल्ली नाही. सोलापूर, कोल्हापूर, नांदेडमध्ये बसून हे करता येईल का असं विचारणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

पहिलं काम: कुंपण घाला

'भारतातलं स्वतंत्र संगीत आणि कला' हा विषय एका अंकाचा नाही, एका आयुष्याचाही नाही. पहिल्या अंकाचं क्षेत्र इतकं लहान ठेवा की तुम्ही तिथे लोकलने, बसने किंवा दुचाकीवर जाऊन परत येऊ शकाल. उदाहरणार्थ: ठाणे ते पनवेल पट्ट्यातले मेटल बँड आणि त्यांची पोस्टरं, टी-शर्ट काढणारे चित्रकार. किंवा पुण्यातले मराठी रॅपर आणि त्यांच्या वस्तीतल्या भिंती रंगवणारी मुलं. किंवा गोव्यात घरगुती स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे, पण पर्यटकांच्या पार्ट्यांत न वाजवणारे लोक.

संगीत आणि चित्रं एकत्र घ्या, याचा मी आग्रह धरेन. अंडरग्राउंड वर्तुळात ही माणसं बहुतेक वेळा एकच असतात. ड्रमर लोगो काढतो, कॅसेटचं वेष्टन काढणारी मुलगी दुसऱ्या बँडमध्ये गाते.

भाषा मराठी ठेवणार असाल तर शब्दांचा बाऊ करू नका. गिटार वाजवणारा पोरगा 'डिस्टॉर्शन', 'ब्लास्ट बीट', 'मिक्स' हेच शब्द बोलतो. ते देवनागरीत तसेच लिहा. ओढूनताणून केलेले प्रतिशब्द वाचताना तो परका होतो. मात्र त्या शब्दाने कानाला नेमकं काय होतं, ते मराठीत सांगा: ड्रमचे ठोके इतके जवळ आलेत की मोजता येत नाहीत, आवाज घोगरा होऊन शब्द गिळतोय, बेस छातीत जाणवतोय पण कानाला कळत नाही. मराठीत या संगीतावर फार कमी लिहिलं गेलंय. त्यामुळे तुम्ही लिहाल त्यातली बरीच वाक्यं मराठीत पहिल्यांदाच लिहिली जात असतील.

डमी

मजकूर गोळा करण्याआधी डमी, म्हणजे अंकाचा कोरा नमुना, बनवा. ए-४ आकाराचे ८ कोरे कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला. ए-५ आकाराची ३२ पानं तयार झाली. वर जाड कागदाचं मुखपृष्ठ. पहिल्या अंकाला एवढं पुष्कळ आहे. पानांची संख्या नेहमी ४च्या पटीत राहणार, कारण घडी घातलेल्या एका कागदाची चार पानं होतात. तुमच्याकडे ३० पानांचाच मजकूर असेल तर दोन पानं चित्रांना द्या.

आता पेन्सिलने १ ते ३२ आकडे टाका आणि डमी उलगडा. पहिल्या कागदावर एका बाजूला ३२ आणि १ शेजारी दिसतील, मागे २ आणि ३१. पुढच्या कागदावर ३० आणि ३, मागे ४ आणि २९. सगळ्यांत आतल्या कागदावर १८ आणि १५, मागे १६ आणि १७. कुठल्याही बाजूच्या दोन आकड्यांची बेरीज ३३च यायला हवी, म्हणजे एकूण पानं अधिक एक. छपाईला देण्याआधी प्रत्येक बाजूची ही बेरीज करून बघा. आमच्या एका अंकात ती केली नव्हती. मुलाखतीचा शेवट सुरुवातीच्या आधी आला आणि शंभर प्रती पुन्हा छापाव्या लागल्या.

डमीत प्रत्येक पानावर काय येणार ते लिहा. १६ आणि १७ ही मधली जोडपानं एकाच सलग कागदावर येतात, तिथे मोठं चित्र किंवा फोटो ठेवा. इतर कुठल्याही जोडपानात चित्राचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि एक-दोन मिलिमीटर सरकतात. चेहरा तर तिथे कधीच आणू नका. शिवाय घडी घातल्यावर आतले कागद बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते, म्हणून बाहेरच्या बाजूला किमान १० मिलिमीटर समास सोडा.

मजकूर

बाकी सगळं कामचलाऊ झालं तरी अंक तरतो. मजकूर कच्चा राहिला तर त्याला काही उपाय नाही.

कार्यक्रमाचा वृत्तान्त लिहिताना आधी एक चौकट भरा: तारीख, जागा, तिथे जायचा रस्ता, प्रवेशमूल्य, बँड ज्या क्रमाने वाजले तो क्रम, साउंडला कोण बसलं होतं, पोस्टर कोणाचं, अंदाजे किती माणसं. हे रुक्ष वाटेल. पण वीस वर्षांनी कोणी तुमचा अंक उघडला तर तो आधी हेच शोधेल. साउंडवाल्याचं नाव कुठेच छापून येत नाही. तुमच्या अंकात यावं.

मग अनुभव. 'जबरदस्त परफॉर्मन्स', 'प्रेक्षक मंत्रमुग्ध' ही वाक्यं कुठल्याही कार्यक्रमाला चालतात, म्हणून ती काढून टाका. दुसऱ्या गाण्यात तार तुटली तेव्हा बेसिस्टने चार मिनिटं एकट्याने काय वाजवलं, ते लिहा. नवीन बँड वाईट वाजला तर तसं लिहा, पण कान लावून ऐकलं होतं हे वाक्यात दिसू द्या: कुठल्या जागी लय सुटली, गायकाचा आवाज मिक्समध्ये का बुडला. मित्रांच्या बँडची खोटी स्तुती छापली की वाचकाला ती दुसऱ्या ओळीत कळते, आणि मग त्याचा तुमच्या खऱ्या स्तुतीवरही विश्वास बसत नाही.

मुलाखत बँडच्या सरावाच्या जागी घ्या. 'तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे?' या प्रश्नाने सुरुवात करू नका, त्याची उत्तरं पाठ असतात. पैशाबद्दल आणि वस्तूंबद्दल विचारा. जॅमरूमचं तासाचं भाडं किती, ते कोण भरतं? पहिली गिटार कोणाची होती? शेजारी तक्रार करायला आले तेव्हा घरच्यांनी काय केलं? शेवटची लोकल पकडायची असेल तर ड्रमचं सामान कोण उचलतं? चित्रकाराला विचारा: हा काळा रंग कुठून आणतोस, स्क्रीन कुठे धुतोस? अशा प्रश्नांतून घर, जात, वस्ती, नोकरी सगळं आपसूक बाहेर येतं, आणि माणूस ते न अवघडता सांगतो.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. लिहून झाल्यावर नावं, तारखा, त्यांच्या तोंडची वाक्यं एकदा त्यांना दाखवा आणि चूक असेल ती दुरुस्त करा. तुमचं मत मात्र त्यांच्याकडून मंजूर करून घेऊ नका. त्याची जबाबदारी तुमची.

या वर्तुळाची सीमा आखताना कान उघडे ठेवा, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. महाराष्ट्रात अंडरग्राउंड म्हटलं की गिटार आठवते, पण इथे जलसे आणि शाहिरीची मोठी परंपरा आहे. पुण्यातल्या कबीर कला मंचासारखे गट डफावर, वस्त्यांमध्ये आणि मोर्चांमध्ये गातात. 'स्वदेशी' या मुंबईच्या हिप-हॉप गटाने आरेच्या जंगलासाठी तिथल्याच पाड्यावरच्या प्रकाश भोईर यांच्यासोबत गाणं केलं आणि आदिवासी आवाज रॅपच्या शेजारी आणला. दुसरीकडे 'भयानक मौत'सारखा मुंबईचा बँड नाव देशी घेतो आणि वाजवतो डेथ मेटल. हे सगळं एका अंकात येऊ शकतं, येत नाही ते संपादकाच्या सवयीमुळे.

परवानग्यांचं थोडक्यात. फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो, फोटोत असलेल्या बँडचा नाही. म्हणून फोटोग्राफरला विचारा आणि नाव फोटोखालीच छापा. परीक्षणात गाण्याच्या एक-दोन ओळी उद्धृत करायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वाव आहे, पण पूर्ण गाणं छापायचं तर गीतकाराची लेखी संमती हवी. साधा ईमेल पुरतो. मूळ चित्र चित्रकाराकडेच राहील आणि तुम्ही फक्त या अंकापुरते ते छापणार आहात, हेही त्यात लिहा. मानधन देता येत नसेल तर किमान ५ प्रती द्या. कोणावर गंभीर आरोप करणारा मजकूर आला तर पुरावा बघितल्याशिवाय आणि समोरच्याचं म्हणणं विचारल्याशिवाय छापू नका.

अक्षरं

मराठी अंकाची अर्धी दुखणी इथे होतात. सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. अनेक डीटीपीवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. त्यातून रूपांतर करताना रफार, ऱ्या, ऱ्ह आणि अर्धी अक्षरं बिघडतात. रूपांतर करावंच लागलं तर 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' असे शब्द मुद्दाम शोधून तपासा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी लावताना परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. पैसे न घालता करायचं तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, पण त्याची १.५.३ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात आपल्या वळणाचे ल आणि श येतात, हिंदी वळणाचे नाहीत. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' मोफत वापरता येतात. त्यांचा 'मोदक' इतका गलेलठ्ठ आहे की शीर्षकाला फार छान दिसतो. मजकुराला साडेनऊ ते साडेदहा पॉइंट ठेवा, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, कारण आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही लागतात.

शीर्षकं हाताने काढता येत असतील तर हातानेच काढा. इंग्रजी मेटल लोगोंचे काटेरी फाटे देवनागरीच्या शिरोरेषेवर कसे बसतील, हा प्रश्न कुठल्याही चित्रकाराला द्या; महिनाभर तो त्यातच रमेल.

प्रूफ कागदावर वाचा, दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने.

फोटो आणि चित्रं छपाईसाठी तयार करणं

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो घेऊ नका, तो दाबून लहान केलेला असतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. छापण्याच्या आकाराला ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) हवा. शाईने काढलेलं रेषाचित्र मात्र ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवा; जेपीजीमध्ये रेषेभोवती धूळ उठते.

छोट्या जागांमध्ये लाल-निळे एलईडी दिवे असतात आणि फोटो कृष्णधवल केला की चेहरे चिखलासारखे दिसतात. अशा वेळी फोटोचे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे उघडून बघा. लाल उजेडात काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा तपशील बहुधा लाल चॅनलमध्ये सापडतो. तो पांढरा पडून जळालेला असेल तर हिरवा घ्या. तोच एक चॅनल ठेवून बाकीचे काढा. असा वाया गेलेला वाटणारा फोटो आम्ही मधल्या जोडपानावर छापला आहे.

छपाई कुठे आणि कशी

प्रती किती हव्यात, यावर पद्धत ठरते.

शंभरच्या आत असाल तर झेरॉक्स किंवा डिजिटल. ३२ पानी अंकाच्या १०० प्रती म्हणजे ८ कागद, दोन्ही बाजू: १६०० छाप. मुखपृष्ठ वेगळं. हा आकडा हातात घेऊन तीन दुकानांत भाव विचारा. 'पुस्तक छापायचंय, किती घ्याल?' असं मोघम विचारलं की भाव चढतो. टोनर, म्हणजे या यंत्रांची पूडशाई, घडीवर तडकतो, म्हणून मुखपृष्ठाच्या घडीवर गर्द काळा येऊ देऊ नका.

शंभर ते पाचशे प्रतींसाठी रिसोग्राफ हे माझं आवडतं यंत्र. ते जपानचं, पण आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेलं आहे, कारण शाळा आणि क्लासेस त्यावर प्रश्नपत्रिका छापतात. आत एक मास्टर, म्हणजे पातळ स्टेन्सिल, कापला जातो, तो शाईच्या ड्रमवर गुंडाळला जातो आणि कागद खालून सरकतो. म्हणजे 'शब्द'च्या काळातल्या सायक्लोस्टाइलचंच तत्त्व. खर्च मास्टरचा होतो, पुढची प्रत फार स्वस्त पडते. ए-३ कागदावर ए-५ची चार पानं एका बाजूला बसतात, म्हणून ३२ पानांना ४ कागद आणि ८ मास्टर. एका वेळी एकच रंग. दुसऱ्या रंगासाठी ड्रम बदलून तोच कागद पुन्हा घालायचा. दोन रंग एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत, तेव्हा चित्रच असं करा की ते थोडं सरकलं तरी शोभेल. गुळगुळीत आर्ट पेपरवर ही शाई वाळत नाही, बोटाला लागते. साधा, चकाकी नसलेला मॅपलिथो कागद घ्या. मोठे भरीव काळे चौकोनही टाळा, त्यांचे डाग पुढच्या कागदाच्या पाठीवर उमटतात. प्रश्नपत्रिकावाल्याकडे परीक्षांच्या दिवसांत जाऊ नका, एरवी तो दुपारी मोकळा असतो आणि आपल्यासोबत उभा राहून प्रयोग करायला तयार होतो.

पाचशेच्या वर ऑफसेट. तिथे आकार ए-५ऐवजी डेमी ठेवला तर कागद कमी वाया जातो: १८ बाय २३ इंचाच्या डेमी तावाच्या घडीतून साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाची १६ पानं निघतात, म्हणजे ३२ पानांना दोन फॉर्म. छापखान्यात गणपतीपासून दिवाळी अंकांची गर्दी असते, मग कॅलेंडरं आणि डायऱ्या. लहान काम त्या काळात मागे पडतं. आम्ही फेब्रुवारीत छापतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि यंत्रात अडकतो, तेव्हा जून ते सप्टेंबर टाळलेला बरा.

मुखपृष्ठासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा. स्क्रीन प्रिंटिंग त्याच्या हातात मुरलेलं असतं. काळ्या किंवा खाकी कागदावर पांढरी, चंदेरी शाई तो सहज उतरवतो, आणि बाहेर कुठेही न मिळणारं मुखपृष्ठ तयार होतं. मुंबईत गिरगावातल्या चिमणा बुचर स्ट्रीटवर अशी दुकानं ओळीने आहेत. तुमच्या गावातही एक तरी असेलच.

कागद निवडताना आतल्या पानांना ८० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) घ्या. ७०च्या कागदात मागची छपाई दिसते. मुखपृष्ठ १७० ते २०० जीएसएमचं असेल तर घडीआधी क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या रेषेवर खाच दाबून, घ्या. आणि कागदाचा धागा कुठल्या दिशेने आहे ते पाहा: दोन्ही दिशांनी हलके वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो त्या रेषेत अंकाचा कणा आला पाहिजे.

बांधणी

सेंटर पिन मारणं सोपं. नेहमीचा स्टेपलर मधोमध पोचत नाही, लांब हाताचा लागतो. बहुतेक झेरॉक्सवाल्यांकडे असतो. पण मी दोऱ्याच्या शिवणीचा आग्रह धरतो. कण्यावर आतून टोच्याने तीन भोकं पाडा. मेण लावलेला जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा, मग पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. हात बसला की एका प्रतीला दोन मिनिटं लागतात. पाच जण बसलात तर शंभर प्रती एका संध्याकाळी होतात, आणि बँडचीच मंडळी मदतीला येतात. शिवून झाल्यावर, आधी नाही, बाहेरची कड छापखान्यात कटिंग मशीनवर कापून घ्या.

कायदा

१८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला आहे. त्यात नियतकालिक म्हणजे ठरावीक अंतराने निघणारं, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन. तुम्ही मुखपृष्ठावर 'मासिक' किंवा 'त्रैमासिक' छापून त्या बेताने अंक काढणार असाल तर प्रेस सेवा पोर्टलवर नोंदणी करा. नोंदणीशिवाय नियतकालिक काढल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अंतर ठरलेलं नसेल, अंक तयार होईल तेव्हाच निघणार असेल, तर नाव 'अनियतकालिक' ठेवा, वर्ष-महिन्याच्या मालिकेऐवजी फक्त 'अंक १', 'अंक २' असं लिहा. प्रत्येक अंक पुस्तक म्हणून काढून आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक घेण्याचाही मार्ग आहे. भारतात तो मोफत मिळतो. तुमचा अंक बातम्यांच्या बाजूला झुकत असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या. काहीही असलं तरी शेवटच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, छपाईची जागा आणि वर्ष स्पष्ट छापा.

किंमत आणि वाटप

एक उदाहरण मांडतो. १०० प्रतींचा सगळा खर्च ४५०० रुपये आला. बँड, चित्रकार, ग्रंथालयं आणि घरी जपायच्या मिळून १८ प्रती गेल्या, उरल्या ८२. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे साधारण ५५ रुपये सुटायला हवेत. दुकानदार ३० टक्के कापून घेणार असेल तर ८० रुपये किमतीत हातात ५६ येतात. म्हणून किंमत ८०, त्याखाली नको. हा हिशोब अंकाच्या शेवटच्या पानावर छापा. वाचक घासाघीस करत नाहीत, आणि स्वतःचा अंक काढू पाहणाऱ्याला आकडे मिळतात.

सगळ्यांत जास्त प्रती कार्यक्रमाच्या दाराशी खपतात, बँड वाजून संपल्यानंतरच्या वीस मिनिटांत. टेबल, एक दिवा, यूपीआयचा क्यूआर कोड, सुटे पैसे. उघडून चाळायला एक प्रत बाजूला ठेवा. 'बॉम्बे अंडरग्राउंड' या गटाने २०१७पासून मुंबईत झाइन फेस्ट, म्हणजे अशा स्वतः काढलेल्या अंकांचे मेळावे, भरवले आहेत. तिथे विक्रीपेक्षा अंकांची अदलाबदल जास्त मोलाची ठरते. टपालाने पाठवायचं तर पोस्टाच्या खिडकीवर वजन करून त्या दिवसाचा दर विचारा. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या अंदाजाने टपालखर्च छापून फसू नका. परदेशातले मराठी वाचक मागणी करतात. पाच-सहा मागण्या एकत्र करून कोणी जाणारं असेल त्याच्या बॅगेत द्या.

उरलेल्या दहा प्रती

अंक कितीही खपला तरी दहा प्रती विकू नका. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. लहान प्रकाशक हे टाळतात. तुम्ही पाठवा, पोच जपून ठेवा. पाचवी प्रत तुमच्या गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाला नेऊन द्या आणि नोंदवहीत दाखलअंक पडेपर्यंत तिथे थांबा.

उरलेल्या पाच घरी. कोकणपट्टीच्या हवेत पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कण्यावर तांबडे डाग पडतात. दोऱ्याचा आग्रह त्याचसाठी होता. पिना मारल्याच असतील तर या पाच प्रतींच्या तेवढ्या काढून दोरा घाला. रबरबँड लावू नका, तो वितळून कागदाला चिकटतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केल्या तर आत दमट हवा कोंडते, म्हणून कागदी लखोट्यात, आडव्या, भिंतीपासून लांब ठेवा, आणि लखोट्यावर पेन्सिलने अंकाचा क्रमांक आणि छापल्याची तारीख लिहा. गणपती झाल्यावर एकदा काढून पंख्याखाली तासभर पसरा.